उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

प्रश्न : माझ्याकडे 1998 सालची मारुती 800 आहे. रोज वापरली तर काही तक्रार नसते. पण चार दिवस दाराशी उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसती टकटक होते आणि शेजाऱ्यांना धक्का मारायला बोलवावे लागते. वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या. आता मेकॅनिक अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे जनित्र, बदलायला सांगत आहेत. बदलावा का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : इतक्यात बदलू नका. दोन नव्या बॅटऱ्या एकाच पद्धतीने उतरल्या, म्हणजे दोष बॅटरीत नसून गाडी बंद असतानाही कुठेतरी वीज खर्च होत आहे, अशी दाट शक्यता आहे. रात्रभर विसावलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब 12.6 व्होल्टच्या आसपास असतो आणि इंजिन चालू केल्यावर तो 13.8 ते 14.4 व्होल्टपर्यंत जायला हवा. तसा जात असेल, तर अल्टरनेटर चार्जिंग नीट करतो आहे.

आता हिशेब पाहा. आपल्या गाडीत साधारण 35 अँपिअर-तासांची बॅटरी असते. 0.3 अँपिअरची गळती असेल, तर दिवसाला 7.2 आणि चार दिवसांत जवळजवळ 29 अँपिअर-तास जातात. सेल्फ फिरवायला मग उरते काय? घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी एवढ्यालाच वीज लागत असेल, तर हा प्रवाह 0.02 ते 0.03 अँपिअरच्या घरात असावा, 0.05 च्या वर गेला, तर शोध घ्यावा.

त्यासाठी किल्ली काढून घ्या, दार उघडे ठेवून त्याचे बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा, म्हणजे आतला दिवा मापात येणार नाही. मग बॅटरीच्या ऋण टोकाचा क्लॅम्प (तारेची पकड) काढा, मल्टीमीटर (वीज मोजायचा मीटर) 10 अँपिअरवर लावून त्याची एक तार क्लॅम्पला आणि दुसरी बॅटरीच्या टोकाला जोडा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका किंवा हेडलाइट लावू नका, कारण मीटरचा फ्यूज त्या क्षणी उडतो. आकडा जास्त दिसला, तर एकेक फ्यूज काढून मीटरकडे पाहत राहा. ज्या फ्यूजने आकडा धाडकन खाली येतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे.

माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत स्टिरिओचा फ्यूज काढताच 0.42 चा आकडा 0.02 वर आला. सेट बसवणाऱ्याने मेमरीची पिवळी आणि किल्लीवर चालणारी लाल तार एकत्र पिळून टाकली होती, त्यामुळे सेट रात्रंदिवस जागा राहत असे. म्हणून जुन्या गाडीत मागाहून बसवलेल्या वस्तू, म्हणजे स्टिरिओ, सेंट्रल लॉकिंग, अलार्म, आधी तपासाव्यात. यांच्यातला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चिकटून चालूच राहिला असेल, तर हाताला कोमट लागतो.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर मात्र अल्टरनेटरवर संशय घ्यावा. चार्जिंग उत्तम असूनही त्यातला एखादा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बिघडून उलटी वीज सोडू शकतो. ऋण क्लॅम्प काढून अल्टरनेटरची जाड तार सोडवा, तिला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा पडला, तर तुमच्या मेकॅनिकचे म्हणणे खरे ठरेल, आणि तेव्हाही निव्वळ डायोड बदलून भागते का, ते आधी विचारावे.

दोष सापडेपर्यंत गाडी दोन दिवसांहून अधिक उभी राहणार असेल, तर ऋण क्लॅम्प काढून ठेवा. धन क्लॅम्प आधी सोडवू नका. पाना बॉडीला टेकला, तर जबर ठिणगी उडते.