रीबिल्ड करणाऱ्या एनबीए टीमने नव्या पोरांसाठी किती धीर धरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधली आवडती टीम रीबिल्ड, म्हणजे नव्या पोरांना घेऊन पुन्हा उभारणी, करतेय आणि दोन सीझन नुसती हरतेय, कोच एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना तीस तीस मिनिटं खेळवतो, ती पोरं बॉल घालवत बसतात आणि अनुभवी खेळाडू बाकावर टॉवेल घेऊन बसलेले, मग याला डेव्हलपमेंट म्हणायचं की टाईमपास, आणि किती वर्षं कळ काढायची.

आधीच सांगतो, मी काही स्काऊट वगैरे नाही. फोंड्याला एका शाळेच्या कोर्टवर संध्याकाळी पोरांना बास्केटबॉल शिकवतो आणि सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत दारात येईपर्यंत माझा एखाद्या मॅचचा सेकंड हाफ बघून झालेला असतो, एवढाच माझा अधिकार. त्यात गोव्यात बास्केटबॉलवाल्याला विचारतो कोण, इथे सगळं फुटबॉल. पण धीराबद्दल फुटबॉलनेच आम्हाला शिकवलंय म्हणा, धेंपो क्लबने आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली पाच वेळा देशाची लीग जिंकली ती क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स अशी पोरं वर्षानुवर्षं एकत्र ठेवून. असो, मुद्द्यावर येतो.

नुसतं हरून कोण काही शिकत नाही हो. हरून ड्राफ्टमधला, म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू निवडायच्या पाळीतला, नंबर वर येतो एवढंच, आणि आता तेही पूर्वीसारखं राहिलं नाही. २०१९ पासून सगळ्यात खालच्या तिन्ही टीमांना पहिल्या पिकचा, म्हणजे पहिल्या निवडीचा, लॉटरीत सारखाच १४ टक्के चान्स असतो, म्हणजे तुम्ही तळाला जाऊन बसलात तरी पाचव्या नंबरपर्यंत घसरू शकता. डेट्रॉईट पिस्टन्सचं अगदी हेच झालं आणि तेही लागोपाठ दोन वर्षं, लीगमधली सगळ्यात वाईट टीम आणि दोन्ही वेळा हातात पिक पाचवा. २०२३-२४ मध्ये तर ते ओळीने २८ मॅच हरले, सीझन संपला १४-६८ वर, म्हणजे १४ विजय, ६८ पराभव. आता त्या टीममध्ये टॅलेंट नव्हतं का? केड कनिंगहॅम होता, २०२१ चा पहिला पिक, जेडन आयव्ही होता, जेलन ड्युरेन होता. पण भरवशाचे शूटर फार कमी, त्यामुळे केड आत शिरला की समोरचे चार-चार जण रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात गर्दी करून उभे, पास द्यायचा कोणाला, दिला तर तो मारणार का. अशा गर्दीत पोरगा काय शिकणार, फक्त घाबरायला शिकतो. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी कोच बदलला, टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनिअर, मलिक बीझली असे अनुभवी आणि बाहेरून मारणारे आणले, आणि पोरं बहुतेक तीच असताना २०२४-२५ मध्ये ४४ मॅच जिंकले. एका वर्षात १४ वरून ४४! केड काही एका उन्हाळ्यात जादू शिकून आला नव्हता, त्याला हलायला जागा मिळाली.

आमच्याकडे गावच्या तळीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला दोन सुके नारळ बांधायचे. सीनिअर खेळाडू म्हणजे ते नारळ. पोहायचं पोरानेच, नारळ काही पोहत नाही, पण नाकातोंडात पाणी जाऊ देत नाही. म्हणून तुमच्या टीममधले सगळे सीनिअर कायम बाकावरच असतील तर मला ते पटत नाही, निदान एक-दोन जण तरी पोरांच्या सोबत कोर्टवर पाहिजेत. सॅन अँटोनियोने २०२३-२४ च्या सुरुवातीला जेरेमी सोहानला, जो मुळात फॉरवर्ड, पॉईंट गार्ड (बॉल आणून खेळ चालवणारा) करून बघितलं, आणि वेंबान्यामासारखा राक्षस टीममध्ये असून त्याला वेळेवर बॉल मिळेना. त्या काळात ते ओळीने १८ मॅच हरले. मग ट्रे जोन्स या खऱ्या पॉईंट गार्डला आणलं तेव्हा गाडी जरा रुळावर आली, आणि पुढच्या वर्षी तर क्रिस पॉललाच घेतलं, वयाच्या चाळिशीला टेकलेला माणूस, ८२ च्या ८२ मॅच खेळला.

आता ओक्लाहोमा सिटी, कारण सगळे त्यांचंच उदाहरण देतात आणि अर्धवट देतात. २०१९ मध्ये पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला आणि बदल्यात शाई गिल्जस-अलेक्झांडर आणि ढीगभर पिक घेतले हे सगळ्यांना माहीत. त्यानंतर २०२०-२१ ला २२ विजय, पुढच्या वर्षी २४, आणि त्याच काळात डिसेंबर २०२१ ला मेम्फिसने त्यांना १५२-७९ असं धुतलं, ७३ पॉईंटचा फरक, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. शाई त्या दिवशी खेळत नव्हता, पण तरी. तेव्हा कोणी म्हटलं असतं की ही टीम २०२५ ची चॅम्पियन तर लोक हसले असते. पण कोच मार्क डेग्नॉल्टला कोणी काढलं नाही. हा माणूस आधी त्यांच्याच जी लीग टीमचा, म्हणजे ज्युनिअर टीमचाच म्हणा, कोच होता, त्यामुळे पोरांना घडवणं हेच त्याचं काम होतं. मग ४० विजय, मग ५७, मग ६८ आणि ट्रॉफी.

त्यांच्यातला मला सगळ्यात आवडतो तो लू डॉर्ट. शाई मोठा आहेच, एमव्हीपी म्हणजे सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू ठरलाय, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर डॉर्टमध्ये आहे. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतलं नाही. टू-वे कॉन्ट्रॅक्टवर आला, म्हणजे थोडे दिवस मोठ्या टीमसोबत थोडे दिवस जी लीगमध्ये. डिफेन्स पहिल्या दिवसापासून जबरदस्त पण बाहेरून मारायचा म्हटलं तर पहिल्या सीझनला ३० टक्क्यांच्या पण खाली. २०२० च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, ह्यूस्टनने उघड उघड त्याला मोकळा सोडला, मार म्हटलं, आणि बाकीच्यांना घेरलं. बहुतेक कोच अशा वेळी पोराला बसवतात नाहीतर सांगतात तू मारू नकोस. इथे तो मारत राहिला, काही मॅचना अगदी वाईट मारला, आणि सातव्या मॅचला ३० पॉईंट. शेवटच्या सेकंदांना त्याचा थ्री (लांबून मारलेला तीन पॉईंटचा शॉट) जेम्स हार्डनने ब्लॉक केला आणि टीम दोन पॉईंटने हरली, पण बघा, शेवटचा शॉट त्या ड्राफ्ट न झालेल्या पोराने घेतला. २०२४-२५ मध्ये तोच डॉर्ट थ्री ४० टक्क्यांच्या वर मारत होता. मधली पाच वर्षं त्याने वाईट शॉट मारले ते कोणीतरी मारू दिले म्हणून.

मारू दिले, पण डिफेन्समध्ये सूट कधीच नव्हती, हे लोक विसरतात. कुठली चूक चालेल आणि कुठली नाही हे आधीच ठरलेलं पाहिजे. माझ्याकडे एक पोरगी आहे, उजव्या हाताने झकास, डावीकडे जायचं म्हटलं की बॉल स्वतःच्याच पायावर. तिला सांगितलं की प्रॅक्टिस मॅचमध्ये तू फक्त डावीकडूनच आत शिरायचं, बॉल गेला तर मी एक शब्द बोलणार नाही, पण बॉल गेल्यावर तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस तर लगेच बाहेर. कुंपणाबाहेर स्कूटरवर बसलेले तिचे बाबा रोज ओरडायचे, अगो उजव्या हाताने मार गो! बरेच दिवस बॉल पायावरच. मग एका खऱ्या मॅचला समोरच्या पोरीने तिची उजवी बाजू पूर्ण बंद केली तर ही सरळ डावीकडून घुसली आणि लेअप चुकली. बाबांनी कपाळाला हात लावला, मी मात्र बाकावर टाळ्या वाजवत होतो, सोबतचे सर माझ्याकडे बघायला लागले.

दुसरी बाजू पण सांगतो, धीर म्हणजे सगळ्यांना सांभाळत बसणं पण नाही. फिलाडेल्फियाने तीन सीझन मिळून ४७ मॅच जिंकल्या, शेवटच्या वर्षी तर १०-७२. पिक भरपूर आले, पण नर्लेन्स नोएल, एम्बीड, ओकाफोर असे तीन सेंटर (रिंगखाली खेळणारे उंच खेळाडू) एकाच जागेसाठी जमा केले, आता एका वेळी खेळवणार किती जणांना. एम्बीड एमव्हीपी झाला, पण टीम त्याच्यासोबत प्लेऑफच्या दुसऱ्या राऊंडच्या पुढे काही गेली नाही. गंमत म्हणजे त्याच १०-७२ वाल्या टीममधला टी. जे. मॅकॉनल, ड्राफ्ट न झालेला, २०२५ च्या फायनलला इंडियानाकडून ओक्लाहोमाच्या नाकी नऊ आणत होता. आणि ओक्लाहोमाने तरी काय सगळे ठेवले? पोकुशेव्हस्कीला खूप मिनिटं दिली, जमलं नाही, सोडून दिला. जॉश गिडी तर सहावा पिक, चांगला खेळणारा, पण २०२४ च्या प्लेऑफमध्ये डॅलसने त्याला मोकळा सोडला आणि या वेळी उत्तर मिळालं नाही, उन्हाळ्यात त्याला देऊन अॅलेक्स करूसो आणला. म्हणजे डॉर्टला जो वेळ दिला तो गिडीला दिला नाही असं वाटेल, पण तोपर्यंत टीम ५७ मॅच जिंकणारी झाली होती, शिकवणी चालू ठेवायची ती वेळ राहिली नव्हती.

किती वर्षं, हे विचारलंत. ड्राफ्टच्या पहिल्या राऊंडमध्ये निवडलेल्या पोराचं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं, त्यातली पहिली दोन पक्की, तिसरं-चौथं टीमच्या मर्जीवर, आणि तिसऱ्या सीझननंतर मोठं एक्स्टेंशन द्यायचं की नाही हा प्रश्न येतो. म्हणून मी तिसऱ्या सीझनच्या मध्यावर बघतो. किलियन हेज, २०२० चा सातवा पिक, डेट्रॉईटने त्याला चौथ्या सीझनपर्यंत खेळवला आणि फेब्रुवारी २०२४ ला सोडला, माझ्या मते वर्षभर उशिरा. उलट यानिस अँटेटोकुन्म्पो, जो पुढे एमव्हीपी झाला, पहिल्या सीझनला सात पॉईंट पण सरासरी काढत नव्हता, आणि त्या वर्षी मिलवॉकी १५ मॅच जिंकली होती.

तोपर्यंत स्कोअरबोर्डकडे फार बघू नका, तो वाईटच असणार. तुमच्या पोराने चूक केली की त्यानंतरच्या पाच सेकंदांत तो काय करतो ते बघा, आणि नोव्हेंबरला ज्या चुका करत होता त्याच मार्चला करतोय की नव्या करतोय ते बघा. आणि कोच चूक झाल्या झाल्या त्याला बाहेर खेचतो का हे पण बघा. दोन सीझन झाले तरी चुका त्याच, आणि कोचला त्याचं काही नाही असं असेल, तर खुशाल शिव्या घाला, मी पण येतो सोबतीला.