इ.स.पू. १४६ या एकाच वर्षी रोमने कार्थेज आणि कॉरिंथ ही दोन्ही शहरे उद्ध्वस्त केली, हे खरे आहे का?

होय, ही दोन्ही शहरे रोमन सैन्याने इ.स.पू. १४६ मध्येच उद्ध्वस्त केली, परंतु त्या मोहिमा स्वतंत्र होत्या आणि सेनापतीही वेगळे होते. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा वेढा इ.स.पू. १४९ पासून चालू होता. अखेरीस रोमन सेनापती स्किपिओ एमिलियानसच्या सैन्याने तटबंदी ओलांडली, सहा दिवस घराघरांतून लढाई झाली आणि शहरातील बिर्सा टेकडीवर आश्रय घेतलेले सुमारे ५०,००० लोक शरण आले. हा तपशील ॲपियन या प्राचीन लेखकाने सुमारे तीन शतकांनंतर लिहिला असला, तरी त्याचा मुख्य आधार पॉलिबियस हा इतिहासकार मानला जातो, आणि तो स्वतः स्किपिओसोबत तेथे हजर होता, म्हणून या वर्णनाला मोठे वजन आहे. त्याच वर्षी ग्रीसमध्ये रोमन सेनापती लुसियस मुम्मियसने अकीयन संघाचा, म्हणजे ग्रीक नगरराज्यांच्या एका संघाचा, पराभव करून कॉरिंथ लुटले, पुरुषांची कत्तल केली, स्त्रिया व मुले गुलाम म्हणून विकली आणि तेथील कलाकृती रोमला पाठवल्या. मात्र कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरल्याची प्रसिद्ध गोष्ट कोणत्याही प्राचीन लेखकाने सांगितलेली नाही. ती आधुनिक काळात रूढ झाली, त्यामुळे ती इतिहास म्हणून सांगू नये.