सोन्याच्या पातळ फिल्मला घडी घालतं कोण?

तुम्ही विचारलंय की सोन्याच्या एकदम पातळ फिल्मला घड्या घालून थ्रीडी ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर काम करणाऱ्या, रचना करतात म्हणे, मग एवढ्या बारीक वस्तूला घडी घालतात कशानं, चिमटा बिमटा असतो का, आणि नुसती सपाट नक्षी का चालत नाही.

चिमटा नाही हो, हात लावायची सोयच नाही तिथं. मी विट्याचा, घरात गलाईचा धंदा, काका अजून तमिळनाडूत सोनं गाळतात, मी तेवढा फिजिक्सकडं वळलो आणि आता आयनांचा, म्हणजे विजेचा भार असलेल्या अणूंचा, बारीक झोत मारणाऱ्या मशीनवर काम करतो, त्यामुळं हा प्रश्न बघून राहवलं नाही.

फिल्म साधारण 80 नॅनोमीटरची, म्हणजे सोन्याच्या वर्खाच्या आसपासच. खालचा आधार एवढ्याशा खिडकीपुरता काढून टाकलेला, फिल्म अधांतरी. झोत गॅलियम धातूच्या आयनांचा. आधी जास्त डोस देऊन, म्हणजे एकाच जागी भरपूर आयन मारून, आरपार चिरा मारायच्या, भिरभिऱ्याची पाती सुटतील अशा. मग तोच झोत अगदी कमी डोसनं सगळ्या नक्षीवरून फिरवायचा, आणि खरी गंमत इथं आहे. आयन सोन्यात खोल जात नाहीत, वरच्या दहा-वीस नॅनोमीटरातच थांबतात, तिथले अणू उडवतात, रिकाम्या जागा पडतात आणि वरचा थर आकसायला बघतो, खालचा मात्र आहे तसाच. उन्हात घातलेला पापड वरून आधी वाळतो आणि कडेनं वर वळतो ना, तसंच. पातं आपोआप झोताच्या दिशेनं उठतं, स्क्रीनवर डोळ्यांदेखत उठताना दिसतं, कितीदा बघितलं तरी मला मजा येते. वळण किती यायचं ते चिरा कुठं आहेत आणि डोस किती दिला यावर. डोस फार झाला तर फिल्मच झिजून जाते.

थरातल्या ताणानं वस्तू वाकते हे काही नवीन नाही बरं का. स्टोनी नावाच्या इंजिनिअरनं 1909 मध्येच पोलादी पट्टीवर निकेलचा मुलामा चढवून ती किती वाकते ते मोजलं आणि सूत्र दिलं, पातळ फिल्मवाले आजही तेच वापरतात. पण तेव्हापासून हा ताण म्हणजे डोकेदुखी, मुलामा सुटतो, फिल्म तडकते. इथं तीच डोकेदुखी कामाला लावलीय. 2018 मध्ये बीजिंगच्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी मिळून असली भिरभिरी केली, नाव दिलं नॅनो-किरिगामी, किरिगामी म्हणजे कागद कापून-दुमडून आकार करायची जपानी कला.

काकांनी पहिलं विचारलं, सोनं किती जातं? शंभर बाय शंभर मायक्रॉनचा तुकडा धरला तर एका गुंजेत सत्तर-ऐंशी लाख तुकडे होतील. खर्च सोन्याचा नाहीच, मशीनच्या वेळेचा आहे, कारण झोत एकेक रचना कोरत बसतो. त्यामुळं ह्या पद्धतीनं कारखान्यात ढिगानं माल निघेल असं मला तरी वाटत नाही, नमुने करून बघायला मात्र हिच्यासारखी दुसरी नाही.

आता सपाट का नको. सपाट भिरभिरं उचलून उलटं ठेवा, डावं होतं ते उजवं झालं, म्हणजे त्याचं स्वतःचं डावं-उजवं पक्कं नाहीच. पाती वर उठली की पीळ येतो आणि तो पालथं केलं तरी बदलत नाही. प्रकाशातही असा डावा-उजवा पीळ असतो, सर्क्युलर पोलरायझेशन म्हणतात, आणि ही उठलेली पाती त्या दोन प्रकाशांना वेगळी वागणूक देतात. प्रकाशाचा हा पीळ बघायचा असेल तर सर्क्युलर पोलरायझेशनवाला थ्रीडी सिनेमाचा चष्मा घालून आरशासमोर उभे राहा आणि एक डोळा मिटा. उघड्या डोळ्यासमोरची काच काळी दिसेल आणि मिटलेला डोळा स्वच्छ दिसेल, कारण चष्म्याची एकेक काच एकाच पिळाचा प्रकाश सोडते आणि आरसा प्रकाशाचा पीळ उलटवून परत पाठवतो.