हाइझमनच्या वादात २,६०१ हा आकडा वापरू नका

२०२४ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, ट्रॅव्हिस हंटरऐवजी बॉइसी स्टेटचा धावपटू ॲश्टन जेंटीला मिळायला हवी होती असे आपण कचेरीतल्या सहकाऱ्यांपुढे मांडलेत, त्यासाठी त्याने चेंडू घेऊन धावून मिळवलेल्या २,६०१ यार्डांचा दाखला दिलात, बॅरी सँडर्सचा एका हंगामातला विक्रम अवघ्या २७ यार्डांनी हुकला हेही सांगितलेत, आणि तरीही सर्वांनी आपले म्हणणे हसण्यावारी नेले, हे वाचून मला २०१० चा जानेवारी आठवला. आपण निवडलेला खेळाडू मुळीच चुकीचा नाही. आकडा मात्र चुकीच्या तारखेचा आहे आणि तीच चूक मी आपल्या पंधरा वर्षे आधी करून बसलो आहे.

मतपत्रिकेवर तीन नावे असतात, त्यांना अनुक्रमे तीन, दोन व एक गुण मिळतात वगैरे गोष्टी आपल्याला माहीत असणारच, त्यामुळे त्यात शिरत नाही. महत्त्वाचे एवढेच की मतदान कॉन्फरन्सच्या (संघांच्या गटांच्या) अंतिम सामन्यांनंतर लगेच संपते आणि त्यानंतरचे बोल-सामने, म्हणजे हंगामअखेरचे खास सामने, मतदारांनी पाहिलेलेच नसतात. १४ डिसेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये निकाल जाहीर झाला तेव्हा जेंटीच्या नावावर १३ सामन्यांत २,४९७ यार्ड होते. उरलेले १०४ यार्ड त्याने ३१ डिसेंबरला, फिएस्टा बोलमध्ये पेन स्टेटविरुद्ध मिळवले. जे घडलेच नव्हते त्याच्या आधारे मतदारांना दोष देता येत नाही.

आता माझी कहाणी. मी तेव्हा एका अमेरिकी विद्यापीठात एम. एस. करत होतो, तेही संख्याशास्त्रात, ही त्यातली लाजिरवाणी बाब. २००९ ची ट्रॉफी अलाबामाच्या मार्क इंग्रामने १,३०४ गुणांनी जिंकली आणि स्टॅनफर्डचा टोबी गेरहार्ट १,२७६ गुणांवर थांबला. फरक फक्त २८ गुणांचा, पुरस्काराच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत कमी. मला हा अन्याय इतका झोंबला की मी विद्यार्थ्यांच्या साप्ताहिकासाठी एक लांबलचक लेख लिहिला, आणि त्यात गेरहार्टचे १,८७१ यार्ड व २८ टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणे) ठळक अक्षरांत मांडले. लेख जानेवारीत छापून आला. पुढच्याच अंकात एका वाचकाचे दोन ओळींचे पत्र होते: मतदान डिसेंबरच्या सुरुवातीलाच संपले, आणि सन बोल झाला ३१ डिसेंबरला; त्यातले १३५ यार्ड लेखकाने कोणत्या मतदाराला दाखवले? दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या कॉफीच्या यंत्रावर माझ्या लेखाचे कात्रण चिकटवलेले होते आणि १,८७१ भोवती लाल शाईचे वर्तुळ होते. ते कात्रण उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहिले आणि क्रीडा संपादकाने मला पुन्हा एकही लेख दिला नाही.

चीड येते ती याची, की माझ्या बाजूचे खरे आकडेही भक्कमच होते. मतदानाच्या दिवशी गेरहार्टचे १,७३६ यार्ड आणि २६ टचडाउन होते, तर इंग्रामचे १,५४२ यार्ड. एवढ्यावरच थांबलो असतो तर त्या पत्रलेखकाला उत्तर शोधावे लागले असते. फुगवलेल्या एका आकड्यामुळे सगळा लेखच संशयास्पद ठरला, आणि आपल्या कचेरीत बहुधा तेच झाले असावे. (मी मतदार नाही, क्रीडापत्रकारही नाही, अनेक वर्षांचा हौशी प्रेक्षक आहे, तेव्हा पुढचे मत त्याच मापाने घ्यावे.)

सँडर्सशी तुलना तर आपण पूर्णपणे सोडून द्यावी असे मला वाटते. त्याने १९८८ मध्ये २,६२८ यार्ड केवळ ११ सामन्यांत काढले, आणि त्या काळी बोल-सामन्यांचे आकडे अधिकृत बेरजेत धरत नसत. हॉलिडे बोलमधले त्याचे २२२ यार्ड मिळवले तर बेरीज २,८५० होते. जेंटीने १४ सामने खेळून तो विक्रम हुकवला असे म्हणताच समोरचा मनुष्य हेच सांगणार, आणि जेंटीचा खटला सँडर्सच्या कौतुकात वाहून जाणार.

त्याऐवजी एक गोष्ट धरून बसावी. जेंटीविरुद्धचा मुख्य आक्षेप असा की बॉइसी स्टेटचे प्रतिस्पर्धी दुबळे होते. मतदानापर्यंतची त्याची सरासरी सामन्यामागे १९२ यार्ड येते. आता ७ सप्टेंबरचा ओरेगनविरुद्धचा सामना पाहा: बॉइसी ३४-३७ अशी हरली, पण जेंटीने ओरेगनच्या मैदानावर तीन टचडाउन केले आणि धावला तो बरोबर १९२ यार्ड. हाच ओरेगनचा संघ पुढे मतदान संपेपर्यंत अपराजित राहिला. दुबळ्यांविरुद्ध जेवढे, तेवढेच त्या संघाविरुद्धही. यापेक्षा चांगला युक्तिवाद मला जेंटीसाठी सापडलेला नाही.

आणि तरीही माझे पहिले मत हंटरलाच गेले असते. ९२ झेल आणि १,१५२ यार्ड मिळवणारा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) दुसऱ्या बाजूला कॉर्नरबॅक, म्हणजे बचावपटू, म्हणून चार पास अडवून हस्तगत करतो आणि बहुतेक सामन्यांत शंभराहून अधिक चाली मैदानावर उभा राहतो, हे आकड्यांच्या एका रकान्यात मावत नाही. बेलर संघाविरुद्धच्या जादा वेळेत गोलरेषेवर धावपटूच्या हातातला चेंडू उडवून त्याने सामना संपवला, तो क्षण यार्डांच्या तक्त्यात शोधून सापडणार नाही. २००० ते २०२४ या २५ वर्षांत ही ट्रॉफी २० वेळा क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, दिली गेली आहे. एरवी बहुतेक मतदार विजयी संघाच्या क्वार्टरबॅकचे नाव डोळे झाकून लिहितात असे मला वाटते, आणि तो माझा जुना राग आहे. २०२४ मध्ये पहिल्या दोन जागांवर एकही क्वार्टरबॅक नव्हता, याचे समाधान आपण दोघांनीही मानायला हरकत नाही.

जाता जाता एक, आपल्या कचेरीत गमतीचे मतदान घेणार आहात म्हणून. पहिल्या पसंतीची मते मोजून विजेता जाहीर करू नका. २००८ मध्ये पहिल्या पसंतीची सर्वाधिक, ३०९ मते टिम टीबोला मिळाली होती, पण तो एकूण गुणांत तिसरा आला आणि ३०० मतांचा सॅम ब्रॅडफर्ड जिंकला. म्हणजे जेंटीला जिंकवायचे असेल तर हंटरच्या समर्थकांकडून दुसऱ्या पसंती मिळवाव्या लागतील, आणि २,६०१ ऐकून हसलेले सहकारी त्या सहजासहजी देणार नाहीत. २,४९७ आणि ओरेगन घेऊन त्यांच्याकडे पुन्हा जाऊन पाहा.