शिफ्ट इन्चार्जना शिकवायचं तर शॉप फ्लोअरवरच

पहिलं सांगतो: इन्चार्जना दोन दिवस लोणावळ्याच्या रिसॉर्टवर नेऊन भाषणं ऐकवू नका. आम्ही तेच केलं होतं. सोमवारी सगळे पूर्वीसारखेच ओरडत होते.

त्यापेक्षा टीडब्ल्यूआय, म्हणजे ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’, बघा. १९४० मध्ये अमेरिकेत युद्धसामग्रीचे कारखाने झपाट्याने वाढत होते आणि नवखे कामगार भराभर येत होते, तेव्हा सुपरवायझरांसाठी हे प्रशिक्षण सुरू झालं. युद्धानंतर ते जपानला गेलं, टोयोटाने उचललं. एकेक भाग १० तासांचा, रोज २ तास. लाइन बंद ठेवावी लागत नाही.

सुरुवात काम शिकवण्यापासून करा. इन्चार्जने काम टप्प्याटप्प्याने करून दाखवायचं, प्रत्येक टप्प्यातली खुबी आणि तिचं कारण सांगायचं. मग ऑपरेटरकडून करून घ्यायचं आणि ते कारण त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. हे शेवटचं सगळे गाळतात! ‘कळलं का?’ विचारलं की मान हलतेच, कळलेलं नसतं. रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, तिथूनच वाढतं.

मग माणसांशी वागणं. आधी माहिती गोळा करा, निर्णय नंतर. उशिरा आला म्हणून एका प्रेस ऑपरेटरला मी सगळ्यांदेखत झापलं. नंतर कळलं, कंपनीची बसच त्याच्या स्टॉपवर थांबत नव्हती. अजून बोचतं ते.

पहिल्या बॅचला तुम्ही स्वतः बसा, इन्चार्जांच्या शेजारी, आणि एखादं काम त्यांच्यासमोर शिकवून दाखवा.