विचारा सिस्टरला : नाडी सापडंना, काय करू?

प्रश्न : सिस्टर, मी राजारामपुरीत राहतो, वय ६१, शुगर बारा वर्षं झाली. सकाळी रंकाळ्याला फिरायला जातो. पोरानं स्मार्टवॉच दिलंय पण ते चालताना मधेच ७८ वरनं १३० वर उडी मारतंय. हातानं बघावं म्हटलं तर मनगटावर काही लागतच नाही, अंगठ्यानं दाबलं तर मात्र धडधड लागते. आणि परवा डॉक्टरांनी चप्पल काढायला लावून पायाची नाडी बघितली. हृदय छातीत आणि बघायचं पायात, हे काय?

उत्तर : काका, आधी तो अंगठा बाजूला ठेवा. अंगठ्याला स्वतःचा ठोका असतोय चांगला जोरकस, त्यामुळं तुम्ही मोजलेली नाडी मनगटाची का तुमच्याच अंगठ्याची हे कळत नाही. नवीन पोरी वॉर्डात ट्रेनिंगला आल्या की पहिल्या आठवड्यात हीच चूक करायच्या.

आता असं करा. खुर्चीवर पाच मिनिटं गप बसा, चहा आणि फिरणं दोन्ही नुकतंच झालेलं नको. तळहात वर करून हात मांडीवर सैल सोडा. अंगठ्याच्या बुडापासनं मनगटाकडं खाली या, तिथं कडेला हाड लागतं, हाडाच्या आतल्या बाजूला एक पन्हळ आहे आणि तिच्या पलीकडं ताठ दोरीसारखी शीर असते, पण ती शीर म्हणजे स्नायूची दोरी, नाडी नव्हे, बरेच जण तिच्यावरच बोट ठेवून बसतात. त्या पन्हळीत तर्जनी आणि मधलं बोट हलकं टेकवा. लागंना म्हणून लोक जोर लावतात आणि तिथंच फसतं, कारण जास्त दाबलं की रक्तवाहिनीच बंद होते. उलट सैल सोडत या, ठोका आपोआप बोटाला येऊन लागतो.

३० सेकंद मोजा, दुप्पट करा. बसल्या जागी ६० ते १०० मोठ्या माणसाला ठीक. पण आकड्यापेक्षा ताल बघा, मी तर म्हणेन तालच आधी बघा. ठोके एकसारखे पडतायत का मधे एखादा गळतोय, का सगळीच गडबड आहे? गडबड वाटली तर पूर्ण एक मिनिट मोजायचं आणि त्याच आठवड्यात ईसीजी काढून घ्यायचा. काही लोकांत हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरत असतो, त्यात प्रत्येक ठोका मनगटापर्यंत पोचतही नाही, म्हणून स्टेथोस्कोप छातीला लावून मोजलं तर आकडा जास्त येतो आणि हाताला कमी लागतो. घड्याळाचं म्हणाल तर पट्टा सैल असला, हात हलत असला, तर ते चुकतंच. १३० दाखवलं की थांबा, हातानं मोजा. सारखं तसंच व्हायला लागलं तर डॉक्टरांना सांगा.

आता पाय. मनगटाच्या नाडीवरनं हृदय किती आणि कसं पळतंय ते कळतं, पण रक्त शेवटच्या टोकापर्यंत जातंय का ते पायच सांगतो. शुगरवाल्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद व्हायचा धोका जास्त, त्यात मुंग्या येऊन येऊन संवेदना गेलेली असली तर जखम झालेलीही कळत नाही, आणि रक्त कमी म्हणून ती भरतही नाही. तुमच्या डॉक्टरांनी चप्पल काढायला लावली म्हणजे माणूस कामाचा आहे, सोडू नका त्याला.

घरी बघायचं असेल तर कोल्हापुरी काढा, पावलावर आडव्या पट्ट्याचा वळ उठलेला असतो बघा, साधारण त्याच भागात काम आहे. पायाचा अंगठा वर उचला, पावलावर एक दोरी ताठ होते. तिच्या लगत, करंगळीच्या बाजूला, हलकं बोट ठेवा. नाही लागलं तर घाबरू नका, काही धडधाकट माणसांतही तिथं लागत नाही. मग आतल्या घोट्याच्या मागं, घोट्याचं हाड आणि टाचेची जाड शीर यांच्या मधे बघा. दोन्ही ठिकाणी लागंना, पाय गार पडतोय, किंवा थोडं चाललं की पोटरी भरून येते आणि उभं राहिलं की थांबते, असं असेल तर दाखवाच. घोट्याचा आणि दंडाचा बीपी घेऊन भागाकार करतात, ०.९ च्या खाली आला तर पायाला रक्त कमी पडतंय असं धरतात. एखादा पाय एकदम गार, पांढरा पडून ठणकायला लागला तर मात्र अपॉइंटमेंट वगैरे नाही, तडक इमर्जन्सी.

प्रश्न : माझा मुलगा गंगावेशीकडं तालमीत जातो, वय २०. नाडी ४८ आली, घरात सगळ्यांनी डोक्यावर हात मारून घेतला. खुराक कमी पडतोय का?

उत्तर : ताई, खुराकाचा काही संबंध नाही, थंडाई चालू राहू दे. रोज मेहनत करणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, मग कमी ठोक्यांत भागतं. चक्कर, जोर मारताना डोळ्यापुढं अंधारी, छातीत दुखणं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं, यातलं काही असेल तर मात्र ईसीजी काढल्याशिवाय मैदानात उतरू देऊ नका.

प्रश्न : गळ्याची नाडी दोन्हीकडनं धरून बघत होते, गरगरलं. का?

उत्तर : अहो, दोन्हीकडनं कधीच नाही! मेंदूला रक्त तिथनंच जातं, आणि तिथं दाब आला की हृदयाचा वेग एकदम उतरू शकतो. कंठमण्याच्या शेजारच्या खोबणीत, एकाच बाजूला, हलकं बोट, चोळायचं नाही. वयस्कर माणसाचं तर मनगटच बरं. आणि समोर कुणी कोसळलं, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर नाडी शोधत बसू नका, १०८ लावा आणि छातीच्या मधोमध दाबायला सुरू करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५-६ सेंटीमीटर खोल. ॲम्ब्युलन्सवाले येऊन हातात घेईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर शेजारच्याला बसवा.