एंटर मारलं, पण काहीच झालं नाही!

प्रश्न: आमच्या कोर्समध्ये आत्ताच युनिक्स (ही ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू झालंय. काळ्या स्क्रीनवर सीपी कमांड देऊन एक फाइल कॉपी केली तर ना मेसेज ना काही, नुसतं परत डॉलरचं चिन्ह. तीनदा करून बघितलं, तेच. माझं काय चुकतंय? आणि युनिक्स न् लिनक्स एकच का?

उत्तर: अहो काहीच चुकलं नाही, फाइल पहिल्या झटक्यातच कॉपी झाली, पुढच्या दोन वेळा तुम्ही तिच्यावरच परत कॉपी मारलीत आणि तेही त्याने गुपचूप केलं. युनिक्सचा स्वभावच तसा, काम झालं की गप्प, अडलं तरच बोलणार.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी हे सुरू केलं तेव्हा समोर स्क्रीन नसायचा, टेलिटाइप असायचं, ते कागदावर खडखड करत सेकंदाला जेमतेम १० अक्षरं छापायचं, मग कोण कशाला जास्त बोलेल! बऱ्याच कमांडची नावं दोन-दोन अक्षरांची आहेत तीही त्यामुळेच.

पण गप्प राहण्याचा खरा फायदा १९७३ ला पाइप, म्हणजे एका कमांडचं उत्तर थेट दुसरीकडे पाठवायची सोय, आला तेव्हा कळला. एलएस टाइप करा, मग उभी रेघ (हाच पाइप), मग डब्ल्यूसी डॅश एल. एलएसने दिलेली फाइलींची यादी स्क्रीनवर न येता थेट डब्ल्यूसीकडे जाते, तो ओळी मोजतो आणि फाइली किती तो आकडा हातात. आता एलएसने आधी "घ्या, ही तुमची यादी" अशी एक ओळ टाकली असती तर? एक फाइल जास्त मोजली गेली असती ना.

लिनक्सचं म्हणाल तर ते लिनस टॉरवल्ड्सने १९९१ मध्ये नव्याने लिहिलेलं, युनिक्सच्या वळणाचं, त्यामुळे आत्ता शिकताय त्या कमांड तिथेही चालतील.

फक्त आरएमपासून जपून, तोही असाच न बोलता फाइल उडवतो आणि इथे रिसायकल बिन वगैरे काही नाही (मी एकदा अख्खा प्रोजेक्ट घालवलाय). सुरुवातीला आरएम आणि सीपी दोन्हीला डॅश आय लावत जा, म्हणजे उडवायच्या किंवा जुन्या फाइलवर लिहायच्या आधी विचारेल. आणि तरी धाकधूक वाटलीच तर लगेच एको, स्पेस, डॉलर, प्रश्नचिन्ह टाइप करा, ० आला की मागची कमांड नीट झाली.